प्रतीक्षा यादीत सहावी

आमच्या घरात वेळ घड्याळापेक्षा गाड्यांवर जास्त मोजली जायची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पनवेलच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची नोंदवही भरायची, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते माइकवरून सांगायचं आणि उरलेला वेळ चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. तळ्याजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वारा योग्य दिशेने असला तर त्यांचा आवाज तिथपर्यंत यायचा. ‘अलिबाग, फलाट पाच’ ऐकू आलं की आई भात लावायची, आणि पेणची गाडी सुटली की मी शाळेला निघायचे. अण्णा घरीसुद्धा कमी शब्दांत बोलायचे. कोणी ‘बहुधा’ म्हटलं की ते ‘म्हणजे किती वाजता?’ असं विचारायचे.

माझी आजची याद्या करायची सवय लोक माझ्या दुकानामुळे लागली असं समजतात. नवीन पनवेलला माझं औषधांचं दुकान आहे, आणि तिथे यादीशिवाय एक दिवस निभत नाही हे खरंच. पण सवय त्याआधीची आहे. बारावीनंतरच्या त्या पावसाळ्यात ती लागली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला मी अर्ज केला होता. स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात पांढरा कोट घातलेल्या एक बाई असायच्या. चिठ्ठी वाचून झाली की मान वर न करता त्यांचा हात बरोबर त्या खणाकडे जायचा. मला ते हवं होतं.

पहिल्या यादीत नाव आलं नाही, दुसऱ्या यादीतही नाही. त्या तीन आठवड्यांत आईने मला वाल सोलायला बसवलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून चिमटीत धरायचे, साल निसटली की दाणा पातेल्यात. बिरड्याला लागतात त्याच्या दुप्पट वाल ती भिजवायची. माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून ती हे करत होती, हे मला फार नंतर कळलं. समोरच्या खोलीतल्या माई रोज दारात उभ्या राहून विचारायच्या, ‘काय गं वैशाली, लागला का नंबर?’ मी नाही म्हटलं की त्या म्हणायच्या, ‘लागेल हो. आमच्या भाचीचा पहिल्याच यादीत लागला.’ चौथ्या दिवशी आई आतूनच म्हणाली, ‘माई, तुमच्या भाचीला वाल सोलता येतात का? इकडे मदत हवीय.’ त्यानंतर माई दोन दिवस आल्या नाहीत.

हे लिहीत असताना माझी मुलगी रेवा पलीकडच्या खोलीत फोनकडे बघत बसली आहे. तिच्या प्रवेशाची तिसरी फेरी आज लागायची आहे. ती दर दोन मिनिटांनी पान ताजं करते, आणि दर दोन मिनिटांनी तेच पान येतं. मी तिला वाल सोलतेस का विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिसरी यादी प्रतीक्षा यादी होती. कॉलेजच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर सहा नावं, गुण आणि गाव. मी सहावी. पाचव्या नावाला माझ्यापेक्षा एक गुण जास्त होता. जागा दोनच उरल्या होत्या. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत जे हजर असतील त्यांना क्रमाने जागा मिळणार, गैरहजर राहिलेल्याचा हक्क संपणार. यंदा जमलं नाही तर टायपिंगचा क्लास लावायचा आणि स्थळं बघायला घ्यायची, असं आईने आत्याला कबूल करून टाकलं होतं. त्यामुळे सहा आणि दोन या आकड्यांमध्ये माझं काय काय अडकलं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं.

खिडकीतले लेखनिक सहाही जणांना पोस्टकार्डं लिहीत होते. मी विचारलं, ‘सर, सहाव्या नंबरचं होतं का कधी?’ ते मान वर न करता म्हणाले, ‘कधी होतं, कधी नाही होत.’ आमच्या घरात हे उत्तर चाललं नसतं. मी खिडकीशी तशीच उभी राहिले आणि ते लिहीत असलेले पत्ते उलटे वाचून घेतले. उलटं वाचणं मी लहानपणी शिकले होते. अण्णांना डबा द्यायला जायचे तेव्हा त्यांची नोंदवही खिडकीच्या बाहेरून उलटीच दिसायची. बाहेर येऊन वहीच्या मागच्या पानावर पाच नावं आणि पाच पत्ते उतरवले आणि प्रत्येकापुढे एक चौकोन काढला. वरचे पाचजण येणार की नाही, हे गुरुवारपर्यंत वाट बघून कळणारच होतं. पण घरी जाऊन विचारलं तर आधी कळलं असतं. मला कोणाचं मन वळवायचं नव्हतं, फक्त कळून घ्यायचं होतं. निदान निघताना तरी एवढंच होतं.

अण्णांनी वेळा सांगितल्या, मी गाड्या पकडल्या. पहिला मुलगा करंजाड्याचा. त्याला इंजिनियरिंग मिळालं होतं आणि तो सांगलीला गेलासुद्धा होता. त्याच्या आजीने मला खोबऱ्याची वडी दिली आणि त्याचा वसतिगृहातला पत्ताही देऊ केला. दुसरी मुलगी रोडपालीची. तिची आई दार अर्धंच उघडून म्हणाली, ‘कोणी पाठवलं तुला? येणार म्हणजे येणार आहे आमची. कॉलेजवाल्यांना सांग, नऊलाच येऊन बसू.’ म्हणजे एक जागा गेली. तिसऱ्याने पुण्यात प्रवेश घेतला होता. चौथीचं लग्न ठरलं होतं. ती स्वतःच दारात आली आणि हसून म्हणाली, ‘माझं नाव खोडून टाक.’ मी तिच्यासमोरच खोडलं. ती त्या रेघेकडे जरा वेळ बघत राहिली. तेव्हा मला घाई होती. आता ती रेघ मला नीट दिसते.

उरली पाचवी. रंजना, राहणार मोरा, तालुका उरण. मंगळवारी मी उरणची गाडी पकडली आणि तिथून पुढे मोऱ्याला गेले. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या, वर ताडपत्र्या. मासेमारी बंद असल्यामुळे पुरुष घरीच होते आणि पडवीत बसून जाळी शिवत होते. रंजनाचे वडीलही तेच करत होते. माझ्या हातात वही, खांद्याला पिशवी. त्यांनी मला बघून जाळं बाजूला सारलं.

‘कालेजातनं आल्या काय तुमी?’

मी नाही म्हटलं नाही. ‘रंजनाच्या प्रवेशाचं विचारायला आले,’ एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण त्यांनी जो समज करून घेतला, तो मी तसाच राहू दिला.

तिच्या आईने मला आत घेतलं, तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी वाढली. ‘श्रावन हाय ना, म्हून वाल. नायतं तुला असं नसतं जेवू दिलं मी,’ ती म्हणाली. वाल बघून मला घरची आठवण झाली आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. रंजना माझ्याच वयाची, दोन वेण्या घातलेली. तिने आरशामागे खोचलेलं पोस्टकार्ड काढून दाखवलं. ‘गुरुवार लिहिलंय,’ ती म्हणाली, ‘पण बाबा म्हणतात पुनवेनंतर.’

‘नारली पुनव पुढच्या आठवड्यात हाय,’ तिचे वडील पडवीतून म्हणाले. ‘दर्याला नारल दिल्याबिगर आमच्यात नवा काम सुरू करीत नाय. अकरावीलापन आमी पुनवेनंतरच गेलो. मास्तरांनी घेतली. इथल्या समद्या पोरांना तसाच घेतात. तिकडंपन घेतात ना, बाय?’

उरणच्या शाळेला कोळीवाड्याची रीत माहीत होती, म्हणून ती थांबायची. आमच्या कॉलेजला ती माहीत नव्हती, आणि असती तरी त्या लेखनिकांनी अकरा वाजून एक मिनिटाने वही मिटली असती. हे मला माहीत होतं. रंजना माझ्याकडे बघत होती. तिला हे थोडंफार ठाऊक असावं. घरातल्या मोठ्या माणसापुढे तिचं बोलणं टिकत नव्हतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाने दोन शब्द बोलावेत याची ती वाट बघत होती.

मी म्हटलं, ‘घेत असतील.’

निघताना तिच्या आईने वर्तमानपत्राच्या पुडीत सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, बांधून दिले. ‘श्रावन सुटला का कर. वांगी घाल त्यात.’ परतीच्या गाडीत मी वही उघडली आणि पाचव्या नावापुढच्या चौकोनात लिहिलं, ‘येणार नाही’. गाडी हलत होती, तरी अक्षर चांगलं आलं.

घरात पाऊल टाकलं तशी आईने नाक मुरडलं. ‘श्रावणात सोडे? कुठून आणलेस?’ तिने ते डब्यात घातले, डबा पिशवीत आणि पिशवी मोरीवरच्या फळीवर ठेवली. तरी वास येतच राहिला. जेवताना मी अण्णांना अहवाल दिला, ते द्यायचे तसाच, क्रमाने. एक सांगलीला, दोन येणार, तीन पुण्याला, चारचं लग्न, पाच येणार नाही. म्हणजे दुसरी जागा माझी.

‘पाच का येणार नाही?’ अण्णांनी विचारलं.

मी पुनवेचं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

‘त्यांनी तुला विचारलं, की तू आपणहून बोललीस?’

‘विचारलं.’

‘काय सांगितलंस?’

‘घेत असतील म्हटलं.’

त्यांनी ताकाचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाले, ‘चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाने ‘असेल’ म्हणायचं नसतं.’

‘तुमची खिडकी स्टँडवर ठेवून या,’ आई म्हणाली. ‘इथे पोरीचं वर्ष जातंय. ती काय त्यांच्या घरी नोकरीला आहे? कार्डावर तारीख लिहिलीय, त्यांनी वाचावी.’

‘वाचली त्यांनी. म्हणूनच विचारलं.’ अण्णांनी ताक संपवलं, ताटातच हात धुतला आणि उठताना म्हणाले, ‘पहिली उरण पावणेसहाला. फलाट तीन.’

जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. मी रडले नाही. मला राग आला, अण्णांचा, कोळ्यांच्या रीतीचा, त्या एका गुणाचा. मी पुन्हा वही काढली. ‘येणार नाही’ वाचलं. खरं तर ‘मी येऊ देणार नाही’ असं तिथे लिहायला हवं होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्या याद्यांमध्ये चुका पुष्कळ झाल्या, विसरून झाल्या, घाईत झाल्या. जाणूनबुजून केलेली खोटी नोंद ती एकच.

बुधवारी सकाळी आईने पोळी-भाजीचा डबा हातात दिला. मोऱ्याला पोचले तेव्हा रंजनाचे वडील होडीच्या बुडाला तेल लावत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा ‘असेल’वर गेले असते.

‘काका, काल मी चुकीचं सांगितलं. तिकडे पुनवेनंतर घेत नाहीत. उद्या अकरापर्यंत आलं नाही तर रंजनाची जागा जाते. आणि मी कॉलेजातली नाही. मी तिच्या खालची आहे. सहावी.’

तिची आई दारात येऊन उभी होती. ‘ती नाय आली तं जागा तुला?’

‘हो.’

‘मंग तू कशाला आलीस सांगाया?’

‘तुम्ही विचारलं होतं म्हणून,’ मी म्हटलं.

रंजनाचे वडील तेलाचा बोळा हातात धरून समुद्राकडे बघत राहिले. त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. अख्खं वर्ष ज्याच्यावर जगायचं, त्याला नारळ देण्याआधी घरातलं नवं काम सुरू करायचं होतं. शेवटी ते म्हणाले, ‘नारल मी पुनवेलाच देनार. पोरीला उद्या नेतो. दर्या समजून घेल. तुमचा कालेज नाय घेनार समजून.’

मग मी माझ्या वहीतलं एक पान फाडून पडवीतल्या पाटावर बसले आणि रंजनाला यादी करून दिली. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती दोन दोन. ‘साक्षांकित केल्या आहेत?’ मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. ‘मग आत्ता हेडमास्तरांकडे जा. आत्ता म्हणजे आत्ता. उद्या सकाळी त्यांची आंघोळ व्हायची असेल.’ ती पहिल्यांदा हसली. खाली मी गाडीची वेळ, कुठे उतरायचं आणि कॉलेजपर्यंतचा रस्ता लिहिला. दुसऱ्या कोणासाठी केलेली माझी ही पहिली यादी.

गुरुवारी साडेदहाला आम्ही व्हरांड्यात होतो. आम्ही म्हणजे रोडपालीची मुलगी, तिची आई आणि मी. लेखनिकांनी नावं पुकारली. पहिला गैरहजर. दुसरी हजर, तिच्या आईने कागद इतक्या जोरात टेबलावर ठेवले की शाईची बाटली हलली. तिसरा नाही, चौथी नाही. मग रंजनाचं नाव. कोणी उठलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं.

‘येतायत सर,’ मी म्हटलं. ‘उरणची गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. स्टँडवर विचारून आलेय.’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘तू तिची कोण?’

‘सहावी.’

त्यांनी यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. ‘अकरा म्हणजे अकरा,’ ते म्हणाले. ‘अजून नऊ मिनिटं आहेत.’ आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

त्या नऊ मिनिटांबद्दल मी चांगलं लिहावं असं मला वाटतं, पण खरं लिहिते. निम्मा वेळ मी रस्त्याकडे बघत होते आणि निम्मा वेळ घड्याळाच्या काट्याकडे, आणि दोन्हीकडे मला वेगवेगळं हवं होतं. मग फाटकातून ते दोघं येताना दिसले. पुढे रंजना, मागे इस्त्रीचा सदरा घातलेले तिचे वडील, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरलेले. खिडकीत त्यांनी आधी कागद काढले नाहीत, माझी यादी काढली आणि लेखनिकांपुढे ठेवली. लेखनिक ती यादी हातात धरून एकेक कागद मागत गेले. एकही कमी पडला नाही.

‘सहावी,’ ते नंतर म्हणाले.

‘हजर.’

‘जागा संपल्या, बाळ.’

‘माहीत आहे, सर.’

घरी आले तेव्हा आईने विचारलंच नाही. वाल भिजत घातलेले होते. मी म्हटलं, आज सोलणार नाही, आज काम आहे. वहीचं नवीन पान काढलं. रसायनशास्त्राचा पेपर पुन्हा देणे. स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात वर्षभर हाताखाली काम मिळतं का ते विचारणे. पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख. आत्याला पत्र, वैशालीसाठी यंदा स्थळं बघत नाही आहोत. हे शेवटचं आईच्या नावापुढे लिहून मी वही तिच्यासमोर ठेवली. तिने वाचली. ‘हे पत्र मी लिहायचं?’ ‘हो.’ ‘आणि काय लिहू?’ ‘यादीत आहे ते.’ तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, ‘बापावर गेलीस,’ आणि आंतर्देशीय पत्र शोधायला उठली. अण्णांना संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘उरण शेवटी किती उशिरा आली?’

नारळी पौर्णिमेला आम्हाला मोऱ्याहून बोलावणं आलं आणि आम्ही तिघंही आईने केलेल्या बिरड्याचा डबा घेऊन गेलो. रंजनाच्या वडिलांनी दोन नारळ दिले, एक होडीचा, एक ‘समजून घेतल्याचा’. श्रावण संपल्यावर आईने सोड्यांत वांगी घातली. तोपर्यंत डब्याच्या वासाची आम्हाला सवय झाली होती.

वर्षभर मी त्या पांढऱ्या कोटवाल्या बाईंच्या हाताखाली खण पुसले आणि नावं पाठ केली. रसायनशास्त्राचे गुण वाढले. पुढच्या यादीत माझं नाव तिसरं होतं, प्रतीक्षा नव्हती. आज उरणला रंजनाचं दुकान आहे. माझ्याकडे एखादं औषध संपलं की मी तिला फोन करते, आणि तिच्याकडे नसेल तर ती ‘नाय’ म्हणते, ‘असेल’ कधीच म्हणत नाही.

रेवाने आत्ताच दारातून डोकं आत घातलं. फेरी उद्यावर गेली म्हणे. ‘मग आता मी काय करू?’ तिने विचारलं. मी तिला कपाटातला जुना कागद काढून दिला. कॉलेजच्या माझ्या पहिल्या दिवशी फाटकाशी एक वर्ष पुढे असलेली रंजना उभी होती, आणि तिने मला माझीच यादी परत दिली होती, घड्यांवर चिरलेली, बहुतेक ओळींवर बरोबरच्या खुणा केलेली. रेवाने ती वरून खालपर्यंत वाचली. तळाशी रंजनाच्या अक्षरात एक ओळ आहे, तिथे ती थांबली आणि हसली.

‘डबा आणत जा. कँटीनची उसळ खाऊ नकोस. आणि वाल असले की मला आधी सांग.’